आम्ही सोडले

सरकारी नोकरीत ज्याचे आयुष्य गेले त्यास जी क्रियापदे विशेष परिचयाची होतात, त्यांत 'सोडणे' ह्या क्रियापदाचा क्रमांक बराच वरचा लागेल. बदलीचा हुकूम हाती पडला की आम्ही प्रथम कार्यभार सोडतो व तो सोडल्याच्या कागदावर सही करतो. मग सरकारी निवासस्थान सोडतो. मुलांच्या शाळेत जाऊन 'शाळा सोडल्याचा दाखला' घेतो. शेजाऱ्यांना कुंड्या देतो, दूधवाल्याचा हिशेब चुकता करतो आणि गाडी स्थानक सोडते तेव्हा खिडकीतून हात हालवितो. ह्या सर्वांच्या आधी, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, आम्ही घर सोडलेले असते. पण त्या सोडण्याचा दाखला कोणी दिलेला नसतो आणि आम्हीही तो कोणाकडे मागितलेला नसतो. परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना हे काही नव्याने सांगावयास नको.

आमच्याच ह्या घरगुती क्रियापदाचा अर्थ आम्हांस जर कोणी शिकविला असेल, तर तो एका ग्रीक क्रियापदाने. आणि तोही हुगळीच्या काठी बसून. ही गोष्ट थोडी आडवळणाची आहे, म्हणून ती क्रमाने सांगतो.

2012 साली आमची बदली कलकत्त्यास झाली. आमचा धंदा लेखापरीक्षणाचा. म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या हिशेबात काय राहिले ते शोधावयाचे. कलकत्त्यास आल्यावर आम्हांस जी काही ओढ लागली ती श्रीरामपूरची. हावड्याहून लोकल गाडीने तासाभरात पोचता येते असे हे हुगळीच्या पश्चिम तीरावरील गाव 1845 पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि तेथेच विल्यम केरी ह्यांनी आपला छापखाना थाटला होता. मराठी भाषेचे केरीकृत व्याकरण 1805 साली आणि मराठी-इंग्रजी कोश 1810 साली प्रसिद्ध झाला, तो ह्याच गावाच्या आश्रयाने. फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली व संस्कृताबरोबर मराठीही शिकवीत, आणि त्या कामी त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य असे. आपल्या भाषेचे छापील व्याकरण बंगालात तयार व्हावे आणि त्यासाठी एका मराठी पंडिताने घरापासून इतक्या दूर येऊन राहावे, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटे. बदलीवर आलेल्या मराठी माणसांची परंपरा अशी जुनी आहे, असे म्हणून आम्ही मनाचे समाधान करून घेत असू.

अशाच एका रविवारी तेथील नदीकाठच्या जुन्या घरात राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांशी परिचय झाला. आयुष्यभर त्यांनी धर्मविद्येच्या विद्यार्थ्यांना बायबलातील ग्रीक भाषा शिकविली होती. सर्वजण त्यांना 'मास्टरमोशाय' म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. आम्हांस थोडे संस्कृत येते हे कळताच त्यांनी विचारले, "तर मग ग्रीक का शिकत नाही? अर्धे तुमच्या घरात आहेच." आणि खरोखरच, आपल्या 'ददामि'स ग्रीकात 'दिदोमि' म्हणतात व आपल्या 'दधामि'स 'तिथेमि', हे ऐकल्यावर परक्या गावी अकस्मात आतेभाऊ भेटावा तसा आनंद झाला. त्या दिवसापासून महिन्यातील दोन रविवार आम्ही श्रीरामपुरास जाऊ लागलो.

पाचव्या की सहाव्या भेटीत 'अफिएमि' हे क्रियापद आमच्या पुढ्यात आले. त्याची फोड सोपी आहे. 'अपो' हा उपसर्ग म्हणजे आपला 'अप', दूर ह्या अर्थाचा. 'हिएमि' म्हणजे पाठविणे, जाऊ देणे, फेकणे. 'अपो'तील शेवटचा स्वर गळला, प् आणि ह् एकत्र आले व त्यांचा फ् झाला. संधीचे नियम शिकलेल्या मराठी माणसास ह्यात अवघड ते काय? अर्थ झाला : दूर जाऊ देणे, म्हणजेच सोडणे. मास्टरमोशायांनी सांगितले की, हे क्रियापद नव्या करारात सुमारे 140 ठिकाणी येते. घरी जाऊन त्यांतील शक्य तितकी स्थळे पाहा आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्या मराठीत कोणता शब्द येईल तो लिहून आणा.

आम्ही वही घातली. लेखापरीक्षकास वही घालावयास निमित्तच हवे असते. गालील सरोवराच्या काठी कोळी आपली जाळी सोडतात आणि येशूच्या मागून जातात, तेथे 'अफिएमि'. दोघे भाऊ आपल्या बापास होडीत गड्यांबरोबर सोडून जातात, तेथे तेच. शिमोनाच्या सासूस ताप सोडून जातो, तेथे तेच. शोमरोनी स्त्री विहिरीवर आपली घागर टाकून गावात धावते, तेथेही तेच. लहान मुलांना येऊ द्या असे म्हणताना तेच. फळ न देणारे अंजिराचे झाड आणखी एक वर्ष राहू द्या असे माळी विनवितो, तेथेही तेच. नवऱ्याने बायकोस सोडू नये असे पौल करिंथकरांस लिहितो, तेव्हा त्याच्या लेखणीतून हाच शब्द उतरतो. मत्तयाच्या वृत्तान्तात वधस्तंभावर येशू प्राण सोडतो, तेथेही हाच. आणि ऋण माफ करणे, पापाची क्षमा करणे, ह्यांसाठीही पुनः हाच.

वही भरली तेव्हा आम्हांस एक चमत्कार दिसला. ह्यांतील बहुतेक प्रत्येक जागी मराठीत 'सोडणे' हे एकच क्रियापद चालते. जाळे सोडणे, घर सोडणे, बायको सोडणे, प्राण सोडणे, ऋण सोडणे! इंग्रजीत ह्या एका शब्दासाठी पाच-सहा निरनिराळे शब्द लागतात. आम्हांस एक पुरतो. मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋण' आणि 'सोडणे' हीच जोडी वापरली आहे, आणि ती मूळ ग्रीक शब्दांना अक्षरशः धरून आहे. कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या आमच्या मुलीने तीच प्रार्थना इंग्रजीत 'ट्रेसपासेस' म्हणून पाठ केली होती. तो शब्द टिंडलच्या 1526 च्या भाषांतरात आहे. त्यात आगळीक आहे, पण हिशेब नाही. मत्तयाच्या ग्रीकात मात्र चक्क हिशेब आहे. 'ओफेइलेमाता', म्हणजे देणी. येशूच्या मातृभाषेत, अरामीत, ऋण आणि पाप ह्या दोहोंस एकच शब्द होता, हे त्याचे कारण. मास्टरमोशायांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या भाषेतील 'श्बक' हा धातूही असाच दुहेरी : सोडून जाणे आणि ऋण सोडणे. केरळातील सीरियन ख्रिस्ती ज्या सुरयानी भाषेत उपासना करीत आले, त्या भाषेतील ह्या प्रार्थनेत हाच धातू आहे. आणि वधस्तंभावरून देवाला 'मला का सोडलेस' असे विचारणाऱ्या आर्त हाकेतही हाच. त्या हाकेचे ग्रीक करताना मात्र निराळे क्रियापद वापरले आहे.

'सोडणे'वरून आम्हांस 'सूट' आठवली, 'सुटका' आठवली, 'सोडचिठ्ठी' आठवली. मास्टरमोशाय म्हणाले, "आमच्या बंगालीतही 'छाड' म्हणजे सोडणे आणि सूट दोन्ही." हिंदी प्रांतांत 'छूट'चे फलक दुकानांवर पाहणाऱ्या आमच्या वाचकांस हे पटेल. आपण सामान्यतः 'क्षमा' किंवा 'माफी' म्हणतो. पण त्या शब्दांच्या मुळाशी चित्रे वेगळी आहेत. 'क्षम्' म्हणजे सहन करणे. म्हणून पृथ्वीसही 'क्षमा' म्हणतात. 'माफ' हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला, आणि त्याच्या मुळाशी पुसून टाकण्याचा भाव आहे. क्षमा करणारा भार वाहतो, माफ करणारा पाटी पुसतो. 'अफिएमि' करणारा फक्त मूठ उघडतो. त्यात मोठेपणा नाही, की उपदेश नाही. हातातील वस्तू हातातून जाऊ द्यावयाची, इतकेच.

येथवर सगळे विद्येच्या आनंदाचे होते. तोच 2013 च्या दिवाळीनंतर अण्णांचे पत्र आले.

अण्णा आमचे थोरले बंधू. वाई तालुक्यातील आमच्या गावी घर आणि थोडी जमीन आहे, ती तेच पाहतात. पत्र चार ओळींचे होते. घराची मागील भिंत पडावयास आली आहे. दुरुस्तीसाठी कर्ज काढावयाचे तर घर एकाच्या नावावर असणे बरे. तेव्हा तू हक्कसोडपत्र करून द्यावेस. खाली नेहमीचे 'आशीर्वाद'.

हे पत्र आम्ही घडी करून टेबलाच्या खणात ठेवले आणि सात महिने त्यास उत्तर दिले नाही. ह्याचे कारण सांगण्यास आम्हांस आजही संकोच वाटतो. 1998 साली विहीर खोल करण्यासाठी अण्णांनी आमच्याकडून साठ हजार रुपये नेले होते. त्यांनी आपण होऊन हातचिठ्ठी लिहून दिली होती, आणि आम्ही ती नको न म्हणता घेतली होती. ती चिठ्ठी पाच बदल्यांत पाच गावे फिरून आमच्या पेटीत सुरक्षित होती. पैसे परत आले नाहीत. आम्ही मागितले नाहीत. पण न मागणे म्हणजे सोडणे नव्हे, हे आमच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? वसूल न झालेली रक्कम जोवर रीतसर निर्लेखित होत नाही, तोवर ती पुस्तकात उभीच असते. आमच्या मनात ती पंधरा वर्षे उभी होती. साठ हजार बुडविले ते बुडविले, आता घरही मागतात, असा विचार त्या रात्री आमच्या मनात आला, आणि तो आम्ही घालविलाही नाही.

त्या हिवाळ्यात मास्टरमोशायांनी आम्हांस बायबलाबाहेर नेले. 1908 साली आडोल्फ डाइसमान ह्या जर्मन पंडिताने ईजिप्तच्या वाळूतून निघालेल्या पपायरसांच्या आधारे हे दाखवून दिले की, नव्या कराराची ग्रीक ही कोणी निराळी पवित्र भाषा नसून बाजारात, कचेरीत आणि घरगुती पत्रांत वापरली जाणारी त्या काळची लोकभाषा आहे. 'अफिएमि' हाही असाच कचेरीतील शब्द. 1799 साली सापडलेला रोझेटाचा शिलालेख सर्वांना चित्रलिपीच्या उलगड्यासाठी माहीत असतो. पण त्यातील मजकूर काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. तो इ. स. पू. 196 मधील, पाचव्या टॉलेमी राजाच्या गौरवाचा ठराव आहे. राजाने काही कर हलके केले, काही अजिबात सोडले आणि प्रजेकडे थकलेली सरकारी देणी सोडली, असे त्यात नमूद आहे. तेथे 'देणी' ह्यासाठी 'ओफेइलेमाता' आणि 'सोडली' ह्यासाठी 'अफेकेन' हेच शब्द आहेत. प्रभूच्या प्रार्थनेतील जोडी तेथे दोनशे वर्षे आधी महसूलखात्याच्या भाषेत बसली आहे! यहुदी धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरातही, पन्नासाव्या वर्षी गुलामांची सुटका व्हावी व विकलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी असा जो नियम सांगितला आहे, त्या वर्षास 'अफेसिस' हे ह्याच धातूपासून झालेले नाम दिले आहे. जमीन मूळ घराकडे परत! हे ऐकताना खणातील पत्राची घडी आम्हांस उगाचच आठवली.

मग मास्टरमोशायांनी एक पत्र वाचून दाखविले. इ. स. पू. 1 मधले. हिलारिओन नावाचा मनुष्य कामासाठी अलेक्झांड्रियास गेला आहे, आणि घरी, ऑक्सिरिंकसला, गरोदर असलेल्या आलिस ह्या आपल्या बायकोस लिहितो आहे. बाकीचे परतले आणि मी मागे राहिलो तरी काळजी करू नकोस, लहानग्यास जप, मजुरी हाती आली की पाठवितो. आणि मी तुला विसरीन कसा? परगावी राहणाऱ्या कोणत्या नोकरदाराने असे पत्र लिहिले नाही? पण त्याच पत्रात, त्याच हाताने, एक सूचना आहे. मुलगा झाला तर राहू दे. मुलगी झाली तर टाकून दे. ह्यातील 'राहू दे' ह्यासाठी शब्द आहे 'अफेस'. शत्रूंना क्षमा कर, असे लूकाच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरून पित्यास विनविताना जो शब्द येतो, तोच.

आम्ही काही वेळ गप्प बसलो. मास्टरमोशाय म्हणाले, "शब्दाला पुण्य नसते, बाबू. शिष्य धन्याला टाकून पळाले, तेथेही हेच क्रियापद आहे. लांडगा दिसताच मेंढरे सोडून पळणारा मोलकरी, न्याय आणि दया सोडून देणारे शास्त्री, सगळ्यांना हेच. काय सोडले आणि कशासाठी सोडले, ते पाहावे लागते."

आमच्या मनात जो विचार दोन महिने घोळत होता तो मग आम्ही त्यांच्यापुढे ठेवला. मत्तयाच्या प्रार्थनेत, आम्ही आमच्या ऋणकोंना ऋण सोडले आहे, असे जेथे म्हटले आहे, तेथे जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत 'हेमेइस अफेकामेन' असे दोन शब्द आहेत : 'आम्ही सोडले.' आणि त्याच मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात पेत्र येशूस म्हणतो की आम्ही सर्व काही सोडले. तेथेही अक्षरशः तेच दोन शब्द, 'हेमेइस अफेकामेन'. एकदा घर सोडल्याचे, एकदा कर्ज सोडल्याचे. म्हणजे ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत काय?

मास्टरमोशाय हसले. "नाही. तुम्ही उपास सोडता तेव्हा तुम्हांला कर्ज आठवते काय? एका शब्दाचे सगळे अर्थ प्रत्येक ठिकाणी ओतू नयेत. 1961 साली जेम्स बार ह्यांनी ह्याच चुकीवर एक अख्खा ग्रंथ लिहिला आहे. व्याकरण तुम्हांला असे काही सिद्ध करून देणार नाही." थोडे थांबून ते म्हणाले, "पण पेत्राचे वाक्य पुरते वाचलेत काय?"

ते आम्ही घरी येऊन वाचले. सर्व काही सोडले असे सांगून पेत्र लगेच विचारतो की, मग आम्हांस काय मिळणार? आम्हांस हसू आले आणि ते लगेच मावळले. सोडल्याबरोबर प्रवासभत्त्याचे बिल पुढे करणारा हा मनुष्य आमच्याच खात्यातला होता. पुढे त्याच शुभवर्तमानात मागे जाऊन अठरावा अध्याय काढला. तेथे एका चाकरास धन्याने दहा हजार तालांतांचे ऋण सोडले, आणि तो बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरता झाला, अशी कथा आहे. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. सवयीने आम्ही कागदावर मांडणी केली : सोडलेले ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे, आणि गळा धरला तो शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, प्रमाण सहा लाखास एक.

त्याच कागदाच्या खालच्या कोऱ्या भागावर आम्ही दुसरी मांडणी केली, ती का केली हे सांगता येत नाही. आई 2003 पासून 2011 पर्यंत अंथरुणावर होती. आठ वर्षे, म्हणजे सुमारे 2900 दिवस. आम्ही वर्षातून बारा दिवस जात असू, म्हणजे 96. उरलेले 2800 दिवस आणि तितक्याच रात्री कोणाच्या नावावर होत्या? हा आकडा आमच्या कोणत्याही पुस्तकात कधी उभा नव्हता. घर आम्ही सोडले होते, असे आम्ही अभिमानाने सांगत आलो; पण ते सोडले तेव्हा कोणाच्या तरी ओंजळीत पडले होते, आणि त्या ओंजळीची पोच आम्ही कधी दिली नव्हती.

2014 च्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो. जाताना हातचिठ्ठी खिशात ठेवली. वाईच्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्राची नोंदणी झाली. सही झाली, अंगठा झाला, छायाचित्र झाले. कारकुनाने रूक्षपणे विचारले, "मोबदला?" आम्ही म्हणालो, "नाही." त्या एका शब्दाने आमची छाती किंचित फुगली, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

रात्री ओसरीवर बसलो असता आम्ही वहिनींना विचारले, "वहिनी, आईच्या आजारपणात खर्च बराच झाला असेल. कोठे लिहून ठेवला आहे काय?"

वहिनी तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "भाऊजी, रात्री दोनदा उठून त्यांची कूस वळवायची, पहाटे धार काढायची. लिहायचं कोणी आणि कधी?"

आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत, नोंद ठेवली नाही ह्यास इतके समर्पक स्पष्टीकरण आम्ही ऐकले नव्हते.

मग आम्ही चिठ्ठी काढली आणि अण्णांपुढे ठेवली. "अण्णा, हे कागद आता तुमच्यापाशी असू द्या. हे फिटले."

अण्णांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. आपलेच सोळा वर्षांपूर्वीचे अक्षर ते बराच वेळ पाहत राहिले. आम्हांस वाटले, ते आता काही गोड बोलतील. ते म्हणाले, "फिटले कसे? मी फेडलेले नाहीत. तुझे पैसे मी विसरलो नव्हतो. दर वर्षी उसाचे पैसे आले की वाटायचं, ह्या खेपेस पाठवू. आणि दर वर्षी काहीतरी निघायचं." चिठ्ठीची घडी घालून त्यांनी ती खाली ठेवली. "पण तू सोडलेस म्हणतोस, तर माझ्याकडूनही एक राहिलं आहे ते सांगतो. आई गेली तेव्हा तुला दोनदा निरोप धाडला होता. तू चौथ्या दिवशी आलास. कसलीशी तपासणी पुरी व्हायची होती म्हणालास. तो राग मी तीन वर्षं धरून होतो. तो आज सोडला."

आम्हांस उत्तर सुचले नाही. ज्या गावास आम्ही धनको म्हणून गेलो होतो तेथे आम्हीच ऋणको निघालो. आणि आमचे ऋण आम्ही मागण्याआधीच सोडले गेले. आमच्या मोबदला नसलेल्या सहीचा सारा दिमाख त्या ओसरीवरच्या काळोखात विरून गेला. तुळशीपुढचा दिवा वाऱ्याने हालत होता. वहिनी तांदूळ निवडीत होत्या. शेवटी आम्ही इतकेच विचारले, "विहिरीस पाणी आहे ना?"

"आहे की," अण्णा म्हणाले. "आई शेवटपर्यंत त्याच विहिरीचं पाणी प्यायली."

कलकत्त्यास परतल्यावर हे सारे आम्ही मास्टरमोशायांना सांगितले. त्यांनी त्यावर प्रवचन केले नाही. ते एवढेच म्हणाले की, 'अफेसिस' ह्या नामाचा आणखी एक अर्थ तुम्हांला सांगावयाचा राहिला होता. ओलिंपियाच्या मैदानावर घोड्यांची शर्यत जेथून सुटे, त्या जागेसही 'अफेसिस' म्हणत. तेथे सोडणे हा शेवट नसून आरंभ असे.

त्यानंतर आणखी एक बदली झाली व पुढे आम्ही निवृत्त झालो. मास्टरमोशाय आता नाहीत. त्यांनी दिलेले ग्रीक व्याकरण आमच्याजवळ आहे आणि त्यातील अर्धे आम्ही विसरलो आहोत. दर वर्षी गुऱ्हाळ सुरू झाले की अण्णांकडून गुळाची एक ढेप येते. हा हप्ता आहे की भेट, हे आम्ही विचारीत नाही आणि तेही सांगत नाहीत. सोडून देण्यातही दुसऱ्याचा मान राखावा लागतो, हे आम्हांस त्या ढेपेने शिकविले. आम्ही पोच लिहितो. मात्र वहीत मांडीत नाही.

एक गोष्ट राहिली. लेखणी हाती घेतली की स्वतःस 'आम्ही' म्हणावयाचे, ही आमची जुनी खोड आहे. कचेरीच्या टिपणांत ती शोभून जाई; घरातील मंडळी मात्र तिला हसत. 'हेमेइस अफेकामेन' हे दोन शब्द आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यांतील 'आम्ही' हा आमच्याच सारखा एकट्याचा, थोडासा फुगलेला असा वाटला होता. त्या रात्री ओसरीवर एकाने साठ हजार रुपये सोडले आणि दुसऱ्याने तीन वर्षांचा राग सोडला. आमच्या साऱ्या लिखाणात ते बहुवचन त्या दिवशी पहिल्यांदा खरे ठरले.